भिंतीतला खळगा

दाराआडच्या भिंतीत पेल्याच्या बुडाएवढा खळगा पडला होता. कडा ताज्या होत्या आणि तळाशी नखांच्या बारीक रेषा. भागाबाईने लेकीला भिंतीशी उभं केलं. खळगा इमलच्या बरोबर ओठांसमोर आला. गेल्या दिवाळीत तो बुजवून चुना लावला, तेव्हाही तो इथेच होता, आणि तेव्हाही तिच्या ओठांसमोरच. वर्षभरात पोर बोटभर वाढली नव्हती.

"परत भीत खादी?"

इमलने पांढरी बोटं पातळाला पुसली आणि गुडघे दाबत खाली बसली. तिला चौदावं लागलं होतं.

"लिपी टाक ती भीत," चुलीपाशी बसलेली सासू, नर्मदाबाई म्हणाली. "शिरपूरना पाव्हना येई राहिनात. भीत खानारी पोर कोन करी?"

"तिना हाडं दुखतस, आत्या. रातभर कण्हस."

"मंग? दूध दिधं तर ताडमायक वाढी जाई. येवढा उंच नवरा कोठून आनशी?"

न्हाण आलं तसं नर्मदाबाईने इमलचं दूध बंद केलं होतं. त्याच महिन्यात शाळा सुटली आणि शाळेत मिळायचं ते पावडरीचं दूधही. म्हैस मात्र इमलकडेच राहिली. वैरण तिने घालायची, शेण तिने काढायचं. आज सकाळची धारही तिनेच काढली होती. त्यातलं पेलाभर दूध भटू पिऊन गेला, तिचा धाकटा भाऊ. तो आता तिच्यापेक्षा वीतभर उंच होता. मांजरीची वाटीदेखील भरली गेली. भागाबाईने ते रोज पाहिलं होतं आणि रोज तोंड मिटून घेतलं होतं.

तिने चुन्याचा गोळा हातात घेतला. खळग्याजवळ नेला. मग परत घमेल्यात टाकला.

बाहेर बैलगाडी थांबली. पाहुण्यांचे आवाज आले.

"चहा ठेव," सासू कुजबुजली. "दूध तांब्यामा शे."

भागाबाईने हात धुतले, तांब्या उचलला आणि सगळं दूध पेल्यात ओतलं. पेला इमलच्या हातात दिला. पोर आधी आजीकडे पाहू लागली.

"अवं, चहानं दूध शे ते," नर्मदाबाई म्हणाली.

"पाव्हनास्ले कोरा चहा देसू," भागाबाई म्हणाली. ओसरीवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "आजपाइन दूध मन्ही पोर पिई."