येतो म्हणायचं असतं

“कोच, पुढच्या सीझनला तुम्ही तिथे असाल ना?”

विचारून टाकलं. नेत्राला स्वतःचंच नवल वाटलं. शाळेतल्या मैत्रिणींनी, इला आणि वीणानं, पैजच लावली होती: पहिलं थालीपीठ संपायच्या आत विचारायचं, नाहीतर उद्या लंचला दुसरं टेबल शोध. कोच ब्रँटलींच्या ताटात अजून अर्धं थालीपीठ शिल्लक होतं.

“नेत्रा,” बाबा दबक्या आवाजात म्हणाला, “जेवत्या माणसाला असं विचारतात का?”

“मग कधी विचारतात?”

कोचनी हातातला घास ताटात ठेवला. बोटं एकेक करून पुसली. दुपारीच टीव्हीवर प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, बारा टीम जाहीर झाल्या होत्या आणि त्यांच्या कॉलेजची टीम तेरावी आली होती. तेव्हापासून फोनवर एकच चर्चा. हेड कोचला काढणार, आणि तो गेला की त्याच्या हाताखालचे सगळे जाणार, ब्रँटलींसकट.

“आम्ही तिथे एक फार छान फॅमिली उभी करतोय,” कोच म्हणाले.

नेत्रा किकर होती. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममधली एकुलती एक मुलगी. चाळीस यार्डांवरून तो लांबट बॉल दोन पिवळ्या खांबांमधून पार करणारी. किकरला वर बघावंच लागत नाही. पाय लागतो त्या आवाजावरूनच कळतं, आत जाणार की बाहेर. हे वाक्य बाहेर गेलं होतं.

“फॅमिली नाही. तुम्ही.”

“तुझ्यासारखा पाय असला ना, नेत्रा, तर तो कुठेही चालतो.”

कुठेही चालत नव्हता, तेच तर दुखणं होतं. एकवीस कॉलेजांना व्हिडिओ पाठवून झाले होते. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकानं विचारलं, हा मुलगा कितवीत आहे? फक्त ब्रँटली चार तास ड्राइव्ह करून तिच्या गावी, अल्फारेटाला आले, थंडीत ग्राउंडवर उभे राहिले, तिच्या तीस किक मोजल्या आणि म्हणाले, आमच्या टीममध्ये हिची जागा पक्की. येत्या बुधवारपर्यंत फक्त फॉर्म भरून होकार कळवायचा होता.

“गार झालं ते. दुसरं वाढते,” आई उठली.

“नको, मॅम.”

आजवरच्या चार फेऱ्यांत या माणसानं आईला कधी नको म्हटलं नव्हतं.

दारात त्यांचे बूट चपलांच्या घोळक्यात होड्यांसारखे पडलेले असायचे. पहिल्या वेळी ते बूट घालून “चला, जातो” अशा अर्थाचं काहीतरी इंग्लिशमध्ये म्हणाले, तेव्हा आईनं त्यांना दारातच अडवलं होतं.

“जातो नाही म्हणायचं हो. आमच्यात येतो म्हणतात.”

“पण मी तर चाललोय.”

“म्हणून तर. येतो म्हटलं की परत यावं लागतं.”

कोचना ते भयंकर आवडलं होतं. तेव्हापासून दर वेळी दारात छाती भरून “येटो!” व्हायचं. बाबा ऑफिसला निघताना त्यांची नक्कल करायचा. इला आणि वीणासुद्धा शाळेच्या पार्किंगमधून निघताना येटो म्हणायच्या, आणि त्यांना तर मराठीचा गंध नव्हता.

आज कोच लेस बांधत बसले. एक झाली. दुसरी सोडली, पुन्हा बांधली. आई दार धरून उभी होती, गार वारा आत येत होता. ते उठले, आईकडे बघून त्यांनी तोंड उघडलं. मिटलं.

“थँक यू, मॅम. फॉर एव्हरीथिंग.”

बाबाशी हात मिळवला. नेत्राच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला. मग गाडी रिव्हर्स घेताना दिव्यांचा झोत घरावरून सरकत गेला, आणि पुन्हा अंधार झाला.

“विसरला असेल,” बाबा म्हणाला. “आज त्याच्या डोक्यात शंभर गोष्टी असणार.”

“विसरला नाही,” आई म्हणाली. “म्हणाला नाही.” आणि तिनं दार लावलं.

टेबलावर नेत्राचा मोबाइल थरथरत होता, इला आणि वीणाचे इंग्लिश मेसेज. विचारलंस का? काय म्हणाला? सांग ना यार. तिनं तो उपडा ठेवला. पैज तर ती जिंकली होती.

“हे बघ,” बाबानं लॅपटॉप उघडला, “फॉर्म कॉलेजचा आहे, त्या एका माणसाचा नाही. नवीन कोच येईल. त्याला आपण व्हिडिओ पाठवू. हवं तर मी स्वतः ड्राइव्ह करून नेतो तुला.”

“बाबा, नवीन कोच स्वतःचा किकर घेऊन येतो. सगळेच आणतात.”

“एकदा बघेल तरी की नाही तो?”

बाबा नेहमीसारखा गॅरेजच्या दाराशी गेला आणि बॉलची जाळीदार पिशवी उचलून आणली. तीन वर्षं शाळा भरायच्या आधी तो रोज त्या पिवळ्या खांबांमागे उभा राहत आला होता. नागपूरच्या माणसाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कुठला बॉल कुठे पडणार, ते त्याला आता नेत्राच्या आधी कळायचं. एक बॉल थोडा बसला होता. तो दाबून बघत त्यानं विचारलं,

“उद्या साडेसहाच ना?”

“आई, तू पण ऐक,” नेत्रा म्हणाली. “मी फॉर्म भरणार नाहीये. आणि बाबा, उद्या अलार्म लावू नकोस.”