आरे-वारेची दिवेलागण

जहाजावरून सुट्टीवर आला की दत्ताराम बायकोला फिरवायचा बेत आखायचा: आधी किल्ला, मग आरे-वारेच्या चढणीवर थांबून सूर्यास्त. इंदूचं दर वेळी एकच, "तिन्हीसांजेला घर बंद ठेवायचं? मग दिवा कोण लावणार?" यंदा तो कायमचा घरी आला, तर इंदूच राहिली नव्हती. तरी त्यानं रिक्षा ठरवली. कुलूप लावता लावता तो परत आत गेला, देवापुढचं निरांजन घेऊन रिक्षात बसला. चढणीवर पोचले तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. त्यानं कठड्यावर वात पेटवली, पण वारा ती टिकू देईना. समुद्राकडे पाठ करून, दोन्ही हातांचा आडोसा धरून तो ज्योतीवर वाकला. गर्दी पांगल्यावर रिक्षावाला जवळ आला. "काका, एवढ्या लांब येऊन सूर्य बघितलातच नाय?" हात न काढता दत्ताराम म्हणाला, "मग दिवा कोण लावणार?"