उदयपूर सव्वा तासावर

काकासाहेब जीपच्या पुढ्यात आडवे उभे राहिले.

"वहिनी, माझा सख्खा भाऊ हाय त्यो. असं पाठवतात का माणसाला? गावाला काय तोंड दाखवू?"

झुंबरबाई मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. "त्यांचीच इच्छा व्हती, भावजी. मी शब्द दिलाय. सरका."

काकासाहेब हलले नाहीत. तिनं मुलाला, सर्जेरावला, जीप सुरू करायला सांगितली. तेव्हा सरकले.

जाफराबाद मागं पडलं. जालन्याचे डॉक्टर सकाळीच येऊन गेले होते. सगळं ठीक आहे, फक्त विमान चुकवू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. उदयपूरला लेक बेबीनंदा वाट बघत होती. तिथल्या दवाखान्यात ती नर्स होती.

"लई लांब हाय का रं उदयपूर?"

"रेल्वेनं दोन दिवस, आई. औरंगाबादहून विमान सरळ जातं. साडेपाचशे किलोमीटर. सव्वा तासात बाबा बेबीजवळ."

"सव्वा तास," ती म्हणाली. "आपल्या एस्टीला जालन्याला जायला जास्त लागतो."

झुंबरबाईचे मालक बद्रीनाथ जन्मभर कापसात राबले. डोक्यावरून विमान गेलं की वखर थांबवायचे आणि ते दिसेनासं होईस्तोवर वर बघत राहायचे. एकदा तरी बसणार, म्हणायचे. लोक हसायचे.

बदनापूरजवळ उसाची ट्रॉली उलटली होती. दोन्हीकडं गाड्यांची रांग.

"चुकलं आई," सर्जेरावनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

झुंबरबाई उतरली. डबा छातीशी धरून ती पोलिसापाशी गेली, दोन वाक्यं बोलली. पोलिसानं टोपी काढली. मग स्वतः पुढं होऊन त्यानं जीप कडेच्या रानातून पलीकडं काढून दिली.

विमानतळाच्या दारात विमान कंपनीच्या निळ्या साडीतली एक मुलगी त्यांच्यासाठीच थांबली होती. झुंबरबाईनं डबा तिच्या हाती दिला.

"खिडकीशी बसव बरं यांना."

मुलीनं मान हलवली. "बसवते, आजी. मीच सोबत आहे."

विमान धावलं, उचललं, उन्हात चमकलं. कुंपणाशी उभ्या झुंबरबाईनं दोन्ही हात वर केले. "गेले," ती म्हणाली. "बसले एकदाचे. आता हसा म्हणावं."

दोघं समोरच्या फोन बूथवर बसून राहिले. दुपार कलताना घंटी वाजली. बेबीनंदा रडत होती, हसतही होती. झुंबरबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पोचले का?" सर्जेरावनं विचारलं.

"दोन्ही डोळे पोचले. उद्या दोन पोरींना बसवणार हायेत." तिनं पदर सारखा केला. "चल आता जल्दी. घरी यांना अग्नी द्यायचा राह्यलाय."