कोपराखालची पाकळी

"बोटं ब्रेकवर असू देत, बाळा, मग खुशाल वाऱ्याशी शर्यत लाव." लहानपणी सायकल शिकवताना आप्पाजी, माझे वडील, म्हणायचे. जुन्या ट्रायथलॉन बाईकवर कोपरं टेकून वाकलं, की ब्रेक लांब राहायचे. म्हणून ती बदल्यात देऊन मी व्हाइटफील्डच्या दुकानात एअरो रोड बाईक निवडली. हिचे ब्रेक बोटांखालीच. "गेल्या महिन्यात यांना कुत्रं आडवं आलं," बायको दुकानदाराला म्हणाली. "देवानंच राखलं." "सरी, अक्का," असा कन्नडमध्ये होकार देत त्यानं जुन्या बाईकची कोपराखालची गादी काढली. शेवंतीची सुकलेली पाकळी पडली. "दसऱ्याच्या आयुधपूजेची राहिली वाटतं!" बायको हसली. "हो" म्हणणं सोपं होतं. पण डोळ्यांपुढं आनेकलचा रस्ता आला, उलटलेली टोपली आली, पिवळ्या सड्यात बसून "अण्णा, अण्णा" हाका मारणारी म्हातारी आली. "कुत्रं नव्हतं गं." मी मान खाली घातली. "फुलवाली होती. मी थांबलोच नाही."