पितळेची रेघ

मोतीरामने नव्या बंदुकीचा दस्ता नखाने खरवडला आणि नखात आलेलं तांबूस पॉलिश दुकानाच्या मालकापुढे धरलं. लाकूड आंब्याचं होतं, वरून अक्रोडाचा रंग चढवला होता. मालक वामनराव नुसते हसले. मेहकरातल्या त्यांच्या या बंदुकीच्या दुकानात मोतीरामने चाळीस वर्षं दुरुस्ती केली होती. वयामुळे काम सुटलं, पण रोज येऊन स्टुलावर बसणं काही सुटलं नाही. गिऱ्हाईक भाव मालकाला विचारी आणि बंदूक मात्र मोतीरामच्या तोंडाकडे बघून घेई.

आज गिऱ्हाईक होती डोणगावची छाया. तिचे सासरे किसनराव गेल्या वर्षी वारले. पीक संरक्षणाचा परवाना आणि त्यांची जुनी एकनळी बंदूक आता तिच्या नावावर झाली होती. नवरा पुण्याला कंपनीत, त्यामुळे मक्याच्या जागलीला तीच जायची. रानडुकरांनी दोन एकर मका लोळवला होता आणि आता बार काढल्यावाचून गत्यंतर नव्हतं. सासऱ्यांची बंदूक वापरावी, की ती देऊन दुकानातली ही सगळ्यांत स्वस्त नवी घ्यावी, एवढंच तिला विचारायचं होतं. बंदूक गालाला लावून चालवायची असते, तेव्हा प्रश्न साधा असला तरी हलका नव्हता.

मोतीरामने नवी सांध्यात दुमडून उघडली. नळीखालचं लाकूड काढलं, सांध्याला धरून हलवलं. खडखड वाजलं. मग नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. आतून गुळगुळीत नव्हतीच, घोडाही ओढायला जड. आज इतकी हलते, पन्नास बारांनंतर हिची वाजंत्री होईल, असं त्याने तोंडावरच सांगून टाकलं. दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवण्यात गोडी असते आणि म्हाताऱ्याला आता गोड खायची दुसरी मुभा राहिली नव्हती.

“या भावात काय तोफ भेटन का, मोतीरामभाऊ?” वामनराव म्हणाले. दिसायला कशीही असो, नळी कारखान्यात दुप्पट दारूच्या बारावर तपासून, शिक्का मारून येते, हेही त्यांनी छायाला ऐकवलं.

तिने गोधडीच्या खोळीतून सासऱ्यांची बंदूक काढली. मोतीरामने ती नुसती हातात घेतली आणि त्याचा चेहरा खुलला. सांधा जागचा हलला नाही. नळी आतून स्वच्छ. हिला म्हणतात बंदूक, अजून दोन पिढ्या चालेल, असं तो म्हणाला. छायाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि खोळ पुढे ओढली.

“नवीचं लाकूड काढलं,” वामनराव म्हणाले, “हिचं काऊन नाही काढलं?”

बोलणं रास्त होतं. मोतीरामने नळीखालचं लाकूड काढलं आणि त्याचा अंगठा थबकला. तेलाने काळी पडलेली, बोटभर लांब पितळेची रेघ होती. रेघेच्या टोकाला ठोकून उमटवलेले तीन ठिपके. ती खूण त्याची स्वतःची होती.

बऱ्याच वर्षांपूर्वी या नळीला केसाएवढी भेग गेली होती, ते त्याला आता आठवलं. नवी नळी किसनरावांना झेपणारी नव्हती. त्यांनी गळ घातली आणि मोतीरामने ती भेग घरच्या भट्टीवर पितळेने सांधून दिली. दुकानाच्या वहीत नोंद नाही. फक्त कमी दारूचे हलके बार काढा, असं तेव्हा बजावलं होतं. किसनराव गेले आणि ती ताकीदही त्यांच्याबरोबर गेली.

रेघ अंगठ्याखाली झाकली होती. लाकूड परत बसवायला एक थाप पुरे होती. मोतीरामचा हात फिरला की बंदुकीचं सोनं होतं, असं तालुक्यात म्हणत, आणि उद्याही म्हटलं असतं. त्याने छायाकडे पाहिलं. ती डाव्या हाताने खोळीची नाडी सोडवत होती. बार काढताना नळी याच हाताने धरावी लागते.

त्याने अंगठा बाजूला केला.

“हिच्यातून एकबी बार काढू नको, माय,” तो म्हणाला. “पितळ भरतांनी लोखंड तापते, त्याची ताकद मरते. कवा ना कवा इथंच फाटन. तुह्या हाताखाली.”

“कोनं केलं हे?”

“म्या.”

वामनरावांचा पुसता फडका थांबला. मोतीरामला लाज वाटली, अगदी कानशिलं तापण्याइतकी. छायाने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिने जुनी बंदूक वामनरावांकडे सरकवली, ही मोडीत काढा म्हणाली, आणि नवीचे कागद करायला सांगितले. आंब्याचं लाकूड तर आंब्याचं.

कागदावर सही करताकरता तिने मान वर केली.

“काका, असं पितळ अजून किती बंदुकीत भरलं तुमी?”

मोतीरामने हात पुढे केला.

“उंद्रीची एक,” तो म्हणाला आणि करंगळी दुमडली. “दुसरबीडच्या दोन. देऊळगावची एक...”

एका हाताची बोटं संपली. त्याने दुसरा हात पुढे केला.