पेटीवरचे हळदीचे ठिपके

अठ्ठावन्न साली बोरी अरबच्या बाजारातून आणलेली जुनी पेटी उकंडा स्वतःच वाजवायला शिकत होता. पाच पट्ट्यांत बसणारी सोपी गाणीच तो निवडायचा आणि त्या पट्ट्यांवर खुणेसाठी ओल्या हळदीचे ठिपके लावायचा.

एका सकाळी पेटी उघडली, तर भलत्याच पाच पट्ट्या पिवळ्या होत्या.

"मथुरे, हे तू लावलं काय?"

"म्या कायले लावू?" चुलीपाशी बसलेली बायको हसली.

त्याने त्या पट्ट्यांवर बोटं फिरवली, तर पाळणाच वाजला. एकही सूर चुकला नाही.

मथुरा लाजत जवळ आली. "अवं, मले दिवस गेले. आजच सांगणार होती तुमाले."

उकंडाने आनंदाने तिला उचललंच. दोघं हसत पेटीवर वाकले.

प्रत्येक ठिपका तुरीच्या दाण्याएवढा होता. त्यात इवल्या बोटाच्या रेषा उमटल्या होत्या, आणि हळद अजून ओली होती.