कोरडा पेला

दोन्ही पेल्यांत हरभरा उगवला होता. सुलेखा मॅडमनी आधी ओल्या पेल्याकडं पाहिलं, मग कोरड्या पेल्याकडं, मग दीपमालाकडं. कोरड्या पेल्यातला कोंब तर जास्तच माजला होता. सातवीचा वर्ग हसायला लागला.

प्रयोग काय मोठा होता? माती तीच, ऊन तेच, शहागंजच्या बाजारातून आणलेला हरभराही एकाच पुडीतला. एका पेल्याला रोज पाणी, दुसऱ्याला थेंबही नाही. बी उगवायला पाणी लागतं हे पोरांनी पुस्तकात वाचून नाही, डोळ्यांनी बघून शिकायचं, असा मॅडमचा हट्ट. जोडून सुट्ट्या आल्या म्हणून पेले दीपमालानं घरी नेले होते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ते तिनंच मांडायचे होते. त्यासाठी पोरगी आरशासमोर उभी राहून बोलायची तालीम करत होती.

पाणी कुणी घातलं, मॅडमनी विचारलं. दीपमाला वेणीची रिबीन चावत राहिली. पुन्हा विचारलं, तरी रिबीन तोंडातच. मॅडमचं डोकं फिरलं. कोरड्या पेल्याचं तुला काही करायला सांगितलं नव्हतं, नुसतं काही न करायला सांगितलं होतं, तेवढंही जमलं नाही, असं म्हणून त्यांनी प्रदर्शनाचं काम इंद्रजीतला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी दीपमालाची आजी शाळेत आली. मनकर्णाबाई. तिची शाळा दुसरीतच सुटलेली, पण गल्लीत नळ आला की हंड्यांची रांग तिच्या एका आवाजात सरळ होते. नळ येतो आठवड्यातून एकदा, तोही पाणीवाल्याची मर्जी असली तर. तिच्या घरात कुणी तांब्याभर पाणी सांडलं की त्याला संध्याकाळपर्यंत ऐकावं लागतं. त्याच बाईनं तांदूळ धुतलेलं पाणी रोज नातीला चोरून कोरड्या पेल्याला पाजलं होतं. हे तिनं वर्गाच्या दारात उभं राहून स्वतःच सांगितलं. त्यात लाजण्यासारखं तिला काही दिसत नव्हतं. लाज पोरीला रडवणाऱ्यांनी बाळगावी, असंही ती बोलून गेली.

मॅडमनी समजावून पाहिलं. एक कोरडा राहिला तरच दुसऱ्याचं कारण कळतं. त्यातलं बी उगवायलाच नको. मनकर्णाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, एकाला पाजायचं आन् दुसऱ्याला त्याच्याच शेजारी तहानलेलं बसवायचं, हे माझ्या घरात व्हायचं नाय," ती म्हणाली. "आन् पोरीनं पेले ठेवले कुठं, तर बाबासाहेबांच्या फोटोखाली."

मॅडमला उत्तर सुचलं नाही, म्हणून राग आला. शिकलेल्या माणसाचं बहुतेक असंच होतं. आजीची पाठ वळल्यावर त्या वर्गाला म्हणाल्या, घरात शिकलेलं माणूस नसलं की प्रयोगाची अशी माती होते. दीपमालानं मान वर केली नाही. काल हसलेली पोरंही आज हसली नाहीत. शिकलेलं माणूस त्यांच्यातल्या किती जणांच्या घरी होतं?

मॅडमनी नवा पेला भरला. कोरडी माती, त्यात हरभरा. शाळेत ठेवावा तर कचरू शिपायाच्या झारीचा भरवसा नाही. पोरांच्या घरी तर नकोच. शेवटी त्यांनी पेला रुमालात बांधला आणि स्वतःच्या घरी नेला. आता बघते कसा उगवतो ते, असं जाताना ठसक्यात सांगून गेल्या.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्या वर्गात आल्या तेव्हा पेला रुमालातच होता. इंद्रजीत घ्यायला पुढं आला, त्याला त्यांनी खाली बसवलं. मग गाठ सोडली. माती ओली होती. दोन पानांचा हिरवागार कोंब रुमालातून सुटून ताठ उभा राहिला.

दीपमालानंच विचारलं.

"मॅडम, तुमच्या घरी कुणी घातलं पाणी?"

"सासूबाईंनी."

मॅडमनी पेला उचलून दीपमालाच्या बाकावर ठेवला. उद्या तूच मांडायचं, जे झालं तसंच सांगायचं, म्हणाल्या. मग खडू घेऊन फळ्याकडं वळल्या आणि पाठमोऱ्याच बोलल्या,

"आणि सासूबाईंनी जन्मभर शाळेत हाच प्रयोग शिकवलाय."